संरक्षण संशोधन, नागरी विज्ञान आणि सरकारी तिजोरी

विज्ञानावर सरकारने किती खर्च करावा याची चर्चा भारतात अधूनमधून होत असते. परंतु जो खर्च प्रत्यक्षात होतो त्यातील किती वाटा शस्त्रास्त्रे आणि संरक्षणसामग्री यांच्या संशोधनाला मिळावा आणि किती वाटा आरोग्य, शेती, हवामान, रसायन, पदार्थविज्ञान अशा नागरी शाखांना मिळावा, हा त्याहून अवघड प्रश्न क्वचितच उघडपणे विचारला जातो. संरक्षणावरील खर्चाची चिकित्सा करणे म्हणजे देशाच्या सुरक्षिततेविषयी बेफिकीर असणे, असा एक समज रूढ झालेला आहे. शिवाय संशोधनाचा पैसा दहा-बारा खात्यांच्या अंदाजपत्रकांत विखुरलेला असल्यामुळे त्याचे एकत्र चित्र सामान्य करदात्याच्या नजरेसमोर सहसा येत नाही. संरक्षण संशोधनाची गरज पूर्णपणे मान्य करूनही ही वाटणी तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण नागरी विज्ञान दुबळे राहिले तर त्याची झळ अखेरीस संरक्षणालाही बसते, आणि याचे पुरावे भारताच्या अलीकडच्या इतिहासातच आहेत.

आधी एकूण रकमेचा अंदाज घ्यायला हवा. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२०-२१ या वर्षात भारतात संशोधन आणि विकास यांवर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च झाले. ही रक्कम देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे वर्षभरात देशात निर्माण झालेल्या सर्व वस्तू आणि सेवांच्या एकूण मूल्याच्या, ०.६४ टक्के भरते. त्याच सुमारास चीन २.४ टक्के, अमेरिका सुमारे ३.५ टक्के आणि दक्षिण कोरिया ४.५ टक्क्यांहून अधिक खर्च करीत होते. विकसित देशांत या खर्चाचा मोठा भार खाजगी उद्योग उचलतात. भारतात मात्र उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास आहे, केंद्र सरकारचा जवळजवळ ४४ टक्के आहे आणि उच्च शिक्षणसंस्थांचा तर ९ टक्क्यांच्याही आतच राहतो. केंद्राच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चाची फोड केली, तर त्यातील सुमारे ३१ टक्के रक्कम डीआरडीओ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेकडे जाते. त्यानंतर अवकाश विभाग १८ टक्के, भारतीय कृषी संशोधन परिषद १२ टक्के, अणुऊर्जा विभाग ११ टक्के आणि वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, म्हणजे सीएसआयआर, ८ टक्के असा क्रम लागतो.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात डीआरडीओसाठी २६ हजार ८१६ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्याच अंदाजपत्रकात सीएसआयआरचा कारभार ज्याच्याकडे आहे त्या विभागाला ६ हजार ६५७ कोटी, वैद्यकीय संशोधन परिषद ज्याच्या अखत्यारीत येते त्या आरोग्य संशोधन विभागाला ३ हजार ९०० कोटी आणि जैवतंत्रज्ञान विभागाला ३ हजार ४४६ कोटी रुपये मिळाले. रसायनशास्त्रापासून औषधांपर्यंत आणि लसींपासून जनुकशास्त्रापर्यंतचे बरेचसे सरकारी संशोधन ज्या तीन विभागांच्या आधारावर चालते, त्यांची बेरीज डीआरडीओच्या एकट्याच्या तरतुदीच्या निम्म्याहून थोडीच अधिक होते.

तथापि अशी सरळ तुलना करताना एक खबरदारी घ्यावी लागते. १९६३ साली इटलीतील फ्रास्काती या गावी झालेल्या बैठकीतून आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने संशोधनाचे मोजमाप कसे करावे याची एक नियमावली तयार केली आणि आज जगभर तीच वापरली जाते. तिच्यानुसार संशोधनाचे तीन प्रकार मानले जातात. तात्काळ उपयोग डोळ्यांसमोर न ठेवता निसर्गाचे नियम शोधणे हे मूलभूत संशोधन, ठरावीक व्यावहारिक उद्दिष्टासाठी नवे ज्ञान मिळवणे हे उपयोजित संशोधन, आणि उपलब्ध ज्ञानाच्या आधारे नवे यंत्र किंवा नवी प्रक्रिया प्रत्यक्षात उभी करून तिच्या चाचण्या घेणे हा प्रायोगिक विकास होय. संरक्षण संशोधनाचा बहुतांश पैसा या तिसऱ्या प्रकारात खर्च होतो, आणि तो स्वभावतःच महाग असतो. क्षेपणास्त्राची एक चाचणी किंवा विमानाचा एक आद्यनमुना यांना लागणाऱ्या रकमेत विद्यापीठातील एखादा विभाग कित्येक वर्षे चालू शकतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या प्रचंड संशोधन-अंदाजपत्रकातही मूलभूत संशोधनाचा हिस्सा दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असतो. संरक्षणाचा आकडा मोठा दिसतो म्हणून तेथे विज्ञानही त्याच प्रमाणात घडते, असे समजण्यात म्हणूनच गफलत होते.

भारतातील ही वाटणी योगायोगाने झालेली नाही. तिची मुळे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत घेतल्या गेलेल्या निर्णयांत आहेत. १९४८ साली संरक्षणमंत्र्यांचे पहिले वैज्ञानिक सल्लागार म्हणून दिल्ली विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांची नेमणूक झाली आणि संरक्षण विज्ञान संघटना उभी राहिली. त्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेले ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्याकडून नेहरूंच्या सरकारने संरक्षणविज्ञानाविषयी सल्ला घेतला होता. बड्या राष्ट्रांशी अत्याधुनिक शस्त्रांची स्पर्धा करण्यात भारताने आपली तुटपुंजी साधने गुंतवू नयेत, साधी आणि आवाक्यातील शस्त्रे देशात बनवण्यावर भर द्यावा, असा त्यांच्या सल्ल्याचा रोख होता. १९५८ मध्ये संरक्षण विज्ञान संघटना आणि लष्कराच्या तांत्रिक विकासाच्या आस्थापना एकत्र करून डीआरडीओ स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडे अवघ्या १० प्रयोगशाळा होत्या. आज त्यांची संख्या चाळीसच्या वर आहे.

अणुऊर्जेच्या क्षेत्रात वाद अधिक तीव्र झाला आणि तो आजही वाचण्यासारखा आहे. १९४८ चा अणुऊर्जा कायदा संविधान सभेपुढे आला तेव्हा ब्रिटनमध्ये गोपनीयता केवळ संरक्षणाशी संबंधित संशोधनापुरती ठेवली जाते, मग भारतात ती सर्वच अणुसंशोधनाला का लावायची, असा प्रश्न विचारला गेला. त्यावर संरक्षणाचा उपयोग आणि शांततेचा उपयोग यांत भेद कसा करायचा हे आपल्याला सांगता येत नाही, अशी प्रांजळ कबुली नेहरूंनी दिली. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली अणुऊर्जा आयोग आणि १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग स्थापन झाला. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांना ही रचना मान्य नव्हती. पुढे लोकसभेचे सदस्य झालेल्या साहांचे म्हणणे असे होते की आधी विद्यापीठांत मनुष्यबळ तयार व्हावे, उद्योगांचा पाया घातला जावा आणि संशोधन गुप्ततेच्या आड न जाता खुले राहावे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात वास्तव्य केलेले गणिती व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते. भारतासारख्या सूर्यप्रकाशाने समृद्ध देशाने अणुशक्तीपेक्षा सौरऊर्जेच्या संशोधनाकडे वळावे, असे त्यांनी आग्रहाने मांडले. साहा आणि कोसंबी या दोघांचाही पराभव झाला. भाभांनी उभारलेल्या संस्थांची गुणवत्ता निःसंशय थोर होती आणि त्यांच्याशिवाय भारतीय विज्ञानाची कल्पना करता येत नाही. परंतु संशोधन विद्यापीठांबाहेरच्या केंद्रीय संस्थांत आणि शिकवणे विद्यापीठांत, अशी जी फारकत त्या काळात झाली, तिची किंमत देश अजून मोजत आहे.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत सविस्तर नोंदला गेलेला अनुभव अमेरिकेचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रडार, पेनिसिलिनचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आणि अणुबॉम्ब यांमुळे विज्ञानाचे सामर्थ्य राज्यकर्त्यांच्या लक्षात आले आणि जुलै १९४५ मध्ये युद्धकालीन संशोधनाचे प्रमुख व्हॅनेव्हर बुश यांनी राष्ट्राध्यक्षांना एक अहवाल सादर केला. मूलभूत संशोधनाला सरकारने शांततेच्या काळातही सातत्याने पैसा द्यावा, त्यासाठी एक राष्ट्रीय प्रतिष्ठान असावे आणि त्याचा कारभार शास्त्रज्ञांनीच पाहावा, ही त्यातील मुख्य शिफारस होती. सिनेटर हार्ली किलगोर यांना मात्र सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने लोकप्रतिनिधींना जबाबदार असले पाहिजे आणि तिचा लाभ सर्व राज्यांना मिळाला पाहिजे, असे वाटत होते. १९४७ साली याविषयीचे विधेयक संमत झाले, पण प्रतिष्ठानाचे नेतृत्व राष्ट्राध्यक्षांना उत्तरदायी राहत नाही या कारणासाठी ट्रुमन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान अखेर १९५० मध्ये अस्तित्वात आले.

दरम्यानच्या पाच वर्षांत जी पोकळी निर्माण झाली ती नौदलाने भरून काढली. १९४६ साली स्थापन झालेल्या नौदल संशोधन कार्यालयाने विद्यापीठांतील शेकडो प्रकल्पांना पैसा दिला, आणि तो देताना युद्धोपयोगी निकालांची घाई केली नाही. कोलंबिया विद्यापीठातील चार्ल्स टाउन्स यांचे ज्या संशोधनातून पुढे लेसरचा मार्ग खुला झाला ते काम तिन्ही सेनादलांच्या पैशावर चाललेल्या प्रयोगशाळेत झाले. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यानंतर पुढच्याच वर्षी प्रगत संशोधनासाठी आर्पा ही संस्था संरक्षण खात्यात निघाली, आणि तिच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संगणकजालातून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी पहिला संदेश गेला. १९६० च्या सुमारास अमेरिकी केंद्र सरकारच्या संशोधन-खर्चातील जवळजवळ ८० टक्के वाटा संरक्षणाचा होता. चांद्रमोहिमेच्या काळात तो निम्म्यावर आला, रेगन यांच्या कारकिर्दीत पुन्हा दोन तृतीयांशांच्या वर गेला आणि आता पुन्हा निम्म्याच्या आसपास आहे. जानेवारी १९६१ मधील निरोपाच्या भाषणात आयझेनहॉवर यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीविषयी दिलेला इशारा सर्वपरिचित आहे. त्याच भाषणात सरकारी कंत्राट हे संशोधकाच्या जिज्ञासेची जागा घेऊ लागले आहे, अशीही चिंता त्यांनी व्यक्त केली होती, आणि ती मात्र फारशी उद्धृत केली जात नाही.

या संदर्भात १९६० च्या दशकातील दोन अभ्यासांची तुलना फार उद्बोधक आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने हाइंडसाइट नावाच्या प्रकल्पात २० शस्त्रप्रणालींचा मागोवा घेतला आणि त्यांच्या घडणीला कारणीभूत ठरलेले सुमारे ७०० शोध-प्रसंग तपासले. उपयोगाचा विचार न करता केलेल्या शुद्ध विज्ञानाचा त्यातील वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला. मूलभूत संशोधनावरचा पैसा संरक्षणाच्या दृष्टीने वाया जातो, असा निष्कर्ष त्यावरून अनेकांनी काढला. त्याला उत्तर म्हणून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९६८ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, गर्भनिरोधक गोळी, चित्रफीत-मुद्रक अशा पाच नवनिर्मितींचा मागोवा घेण्यात आला होता आणि त्यांच्यामागच्या सुमारे ७० टक्के महत्त्वाच्या घटना कोणतेही व्यावहारिक उद्दिष्ट नसलेल्या संशोधनातल्या होत्या, असे आढळले. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. फरक एवढाच की पहिल्याने जेमतेम वीस वर्षे मागे पाहिले होते आणि दुसऱ्याने पन्नास वर्षे. मूलभूत शोधातून उपयोग निर्माण व्हायला एका पिढीहून अधिक काळ लागतो, आणि वाटणीचा निर्णय घेणारे सरकार पाच वर्षांच्या मुदतीचे असते, ही या प्रश्नातील सर्वांत मोठी अडचण आहे.

१९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धचा असंतोष शिगेला पोहोचला असताना सिनेटर माइक मॅन्सफील्ड यांच्या दुरुस्तीने असा नियम आला की लष्करी कार्याशी थेट संबंध असलेल्या संशोधनालाच संरक्षण खात्याने पैसा द्यावा. विद्यापीठांना लष्कराच्या प्रभावापासून मोकळे करणे आणि नागरी विज्ञान नागरी संस्थांकडे सोपवणे हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. परंतु संरक्षण खात्याने सोडून दिलेले प्रकल्प पुढे चालवण्यासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाला जेवढी वाढ मिळायला हवी होती तेवढी मिळाली नाही. पुढच्या वर्षी दुरुस्तीची भाषा सौम्य झाली, तरी लष्करी संस्थांची वृत्ती कायमची बदलली. १९७२ मध्ये आर्पाच्या नावात संरक्षण हा शब्द जोडला गेला, तो याच बदलाचा भाग होता. संरक्षणाच्या पैशाने विज्ञान बहरले ते तो पैसा सैलसर हाताने दिला जात होता तोपर्यंत, आणि तो हात आखडला जाताच नागरी अंदाजपत्रक आपोआप पुढे आले नाही, असा या घटनाक्रमाचा अर्थ लावावा लागतो.

जपानने वेगळा मार्ग घेतला. तेथील विज्ञान परिषदेने १९५० आणि १९६७ साली युद्धासाठी संशोधन न करण्याची भूमिका जाहीर केली आणि २०१७ मध्ये तिचा पुनरुच्चार केला. नागरी संशोधनावर भर देऊनही एखादे राष्ट्र तंत्रज्ञानात आघाडीवर राहू शकते, हे जपानने सिद्ध केले यात शंका नाही. मात्र त्याच्या सुरक्षिततेची हमी अमेरिकेने घेतली होती, हे विसरून चालणार नाही. १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे अनुभवलेल्या, २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात जवान गमावलेल्या भारताला ती चैन परवडणारी नाही. १९८३ साली मंजूर झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमातील आकाश ही विमानवेधी प्रणाली मे २०२५ च्या संघर्षात उपयोगी पडली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

मग भारतीय वाटणीत उणे काय आहे? याचे उत्तर कावेरी या जेट इंजिनाच्या कहाणीत सापडते, आणि त्यासाठी ती थोडी तपशिलात पाहायला हवी. तेजस या हलक्या लढाऊ विमानाचा कार्यक्रम १९८३ मध्ये मंजूर झाला आणि त्यासाठी देशी इंजिन बनवण्याचा कावेरी प्रकल्प १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झाला. तेजसने ४ जानेवारी २००१ रोजी पहिले उड्डाण केले आणि १ जुलै २०१६ रोजी ते वायुदलात दाखल झाले, पण अमेरिकी कंपनीच्या इंजिनावर. कावेरीवर दोन हजार कोटींहून अधिक खर्च झाला, रशियात त्याच्या उंचीवरील चाचण्या घ्याव्या लागल्या, तरी ठरवलेला ८१ किलोन्यूटनचा जोर ते देऊ शकले नाही आणि २००८ मध्ये ते तेजसपासून अलग करण्यात आले. जोर म्हणजे इंजिन विमानाला ज्या बलाने पुढे ढकलते ते बल.

अपयशाचे मूळ कारण निव्वळ पैशाची टंचाई हे नव्हते. जेट इंजिनाच्या टर्बाइनमधून जाणारा वायू इतका तापलेला असतो की ज्या धातूची पाती त्यात फिरतात त्या धातूच्या द्रवणबिंदूहूनही त्याचे तापमान अधिक असते. पाती वितळू नयेत म्हणून निकेलच्या विशिष्ट मिश्रधातूचे संपूर्ण पाते एकाच स्फटिकाच्या रूपात घडवावे लागते, त्याच्या पोटातून थंड हवेचे बारीक मार्ग काढावे लागतात आणि वरून सिरॅमिकचा उष्णतारोधक थर द्यावा लागतो. हे ज्ञान कोणताही देश दुसऱ्याला सहजासहजी विकत नाही. ते मिळवायला धातुशास्त्र, स्फटिकशास्त्र, ज्वलनशास्त्र आणि द्रवगतिकी या विषयांचे शेकडो संशोधक विद्यापीठांत वर्षानुवर्षे तयार व्हावे लागतात आणि त्यांचे ज्ञान पचवणारा ओतकामाचा व यंत्रसामग्रीचा नागरी उद्योग देशात असावा लागतो. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या इंजिन-कंपन्यांच्या मागे प्रवासी विमानांच्या इंजिनांचा मोठा नागरी व्यवसाय आहे. भारतात एक प्रयोगशाळा आणि तिच्या साहाय्याला दोन-चार संस्था, एवढ्या अरुंद पायावर ही इमारत रचण्याचा प्रयत्न झाला. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्रीय प्रयोगशाळेने एकस्फटिकी पाती पुढे तयार केली ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु २०२१ मध्ये भारताने तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी ९९ इंजिनांचा करार पुन्हा त्याच अमेरिकी कंपनीशी केला आणि त्यातील पहिले इंजिन मिळायला मार्च २०२५ उजाडला. तोपर्यंत विमाने इंजिनांसाठी अडून राहिली.

नागरी आणि लष्करी विज्ञान एकमेकांपासून किती थोड्या अंतरावर असते, याची कल्पना पुण्याच्या पाषाण परिसरावरून येते. पिनाक रॉकेट ज्या संस्थेत विकसित झाले ती शस्त्रास्त्र संशोधन आस्थापना आणि स्फोटके व प्रणोदके, म्हणजे रॉकेटचे इंधन, यांवर काम करणारी उच्च ऊर्जा पदार्थ प्रयोगशाळा या दोन डीआरडीओच्या संस्था तेथे आहेत. त्याच परिसरात १९५० साली सुरू झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मान्सूनचा अभ्यास करणारी भारतीय उष्णदेशीय हवामान संस्था, २००६ मध्ये निघालेली आयसर ही शिक्षणसंस्था आणि राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेची सर्वोच्च जैवसुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे. कोविडच्या साथीत याच विषाणुविज्ञान संस्थेने विषाणू वेगळा करून दिला आणि त्यातून कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली. त्या दोन वर्षांत देशाचे संरक्षण ज्या संस्थांनी केले त्यांत तिचे स्थान फार वरचे आहे, आणि तिचा खर्च आरोग्य संशोधनाच्या छोट्या अंदाजपत्रकातून भागतो.

महासंगणकाचे उदाहरण याच शहराचे आहे. १९८० च्या दशकात भारताने हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला, तेव्हा त्याचा वापर अण्वस्त्रे किंवा क्षेपणास्त्रे यांच्या रचनेसाठी होईल या भीतीने अमेरिकेने अधिक शक्तिशाली यंत्र नाकारले आणि कमी क्षमतेचे दिले. पावसाचे गणित आणि स्फोटाचे गणित एकाच यंत्रावर सुटते, यालाच दुहेरी उपयोगाचे तंत्रज्ञान म्हणतात. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही नागरी संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने परम ८००० हा महासंगणक सादर केला. नागरी खात्याने केलेल्या या गुंतवणुकीने देशाची सामरिक अडचणही दूर केली.

संरक्षण संशोधनाच्या बाजूने नेहमी दिला जाणारा युक्तिवाद असा की त्यातून नागरी उपयोगाच्या वस्तूही निर्माण होतात. हे खरे आहे. रेल्वेच्या डब्यांतील जैव-शौचालये डीआरडीओच्या तंत्रज्ञानावर आधारलेली आहेत, क्षेपणास्त्रांसाठी बनवलेल्या हलक्या संमिश्र पदार्थापासून अपंग मुलांसाठी हलके कॅलिपर तयार झाले, आणि तेजसच्या वैमानिकासाठी विकसित केलेल्या प्राणवायू-यंत्रणेवरून कोविडकाळात रुग्णालयांसाठी प्राणवायूचे प्रकल्प उभारले गेले. परंतु उलट दिशेचा प्रवाहही तितकाच मोठा आहे. १९८९ मध्ये प्रथम झेपावलेल्या अग्नी क्षेपणास्त्राचा पहिला टप्पा इस्रोच्या नागरी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाच्या घन इंधन मोटारीवरून घेतलेला होता, आणि इस्रोतून १९८२ मध्ये डीआरडीओत आलेल्या अब्दुल कलाम यांनी त्या कार्यक्रमाचे नेतृत्व केले होते. शिवाय कॅलिपर हवे असतील तर त्यांच्यासाठी थेट संशोधन करणे हा क्षेपणास्त्रांच्या वाटेने जाण्यापेक्षा स्वस्त उपाय आहे. अनुषंगाने मिळणारा लाभ स्वागतार्ह मानावा, पण तो संरक्षण संशोधनाच्या खर्चाचे समर्थन म्हणून पुढे करू नये. त्या खर्चाचे समर्थन देशाच्या संरक्षणानेच व्हायला हवे.

उत्तरदायित्वाचा प्रश्न याला जोडूनच येतो. नागरी शास्त्रज्ञाचे काम शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध होते आणि त्याच विषयातील इतर तज्ज्ञ त्याची छाननी करतात. चूक झाली तर ती जगासमोर येते. गोपनीय संशोधनाला हे शुद्धीकरण मिळत नाही. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असल्यामुळे भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन वगळता तिच्याविषयी माहिती मागता येत नाही. कावेरीसारख्या प्रकल्पांतील विलंब लोकांना कळला तो मुख्यतः महालेखापरीक्षकांच्या अहवालांमुळे आणि संसदेच्या स्थायी समितीमुळे. २००७ मध्ये पी. रामाराव यांच्या आणि २०२३ मध्ये के. विजयराघवन यांच्या अध्यक्षतेखाली डीआरडीओच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या समित्या नेमाव्या लागल्या, यावरून आतल्या मूल्यमापनाची मर्यादा सरकारलाही जाणवली असावी असे दिसते. प्रक्षेपणमार्ग किंवा स्फोटकाचे सूत्र गुप्त राहणे रास्तच आहे, पण प्रकल्पाचा कालावधी, खर्च आणि त्याचे यशापयश गुप्त ठेवल्याने शत्रूची कोणतीही अडचण होत नाही.

अलीकडे काही पावले योग्य दिशेने पडली आहेत. २०२२ च्या अंदाजपत्रकात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतील २५ टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी खुली करण्यात आली. आयआयटी आणि तत्सम संस्थांत डीआरडीओची १५ उत्कृष्टता केंद्रे आहेत. २०२३ मध्ये अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला आणि त्यासाठी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मात्र त्यातील सरकारचा वाटा १४ हजार कोटींचाच आहे. उरलेले ३६ हजार कोटी उद्योग, दानशूर संस्था आणि इतर स्रोतांकडून यावेत अशी अपेक्षा आहे. ज्या देशात उद्योगांनी संशोधनावरील खर्चात आजवर हात आखडताच ठेवला, तेथे मूलभूत विज्ञानाचा एवढा मोठा भार त्यांच्या औदार्यावर टाकणे धोक्याचे आहे. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेला १ लाख कोटी रुपयांचा संशोधन, विकास आणि नवोपक्रम निधीही मुख्यतः बाजारपेठेच्या जवळ पोहोचलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. महाराष्ट्रातील किंवा बिहारमधील राज्य विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील रिकाम्या जागा आणि जुनाट उपकरणे यांचा प्रश्न त्यातून सुटणार नाही.

डीआरडीओची तरतूद कापून ती नागरी विज्ञानाकडे वळवावी, असा याचा अर्थ नाही. ०.६४ टक्क्यांच्या तुटपुंज्या रकमेतून एकाचा घास काढून दुसऱ्याला दिल्याने दोघेही अर्धपोटी राहतील. नागरी संशोधनाची तरतूद संरक्षण संशोधनापेक्षा अधिक वेगाने काही वर्षे सलग वाढत राहिली पाहिजे आणि ती वाढ प्रथम विद्यापीठांपर्यंत पोहोचली पाहिजे. डीआरडीओच्या अंदाजपत्रकाचा एक निश्चित भाग खुल्या, प्रसिद्ध करता येण्याजोग्या मूलभूत संशोधनासाठी कायद्याने राखून ठेवावा, म्हणजे संरक्षणाचा पैसा वर्गापर्यंत येईल आणि पुढच्या इंजिनासाठी लागणारे धातुशास्त्रज्ञ तेथे घडतील. त्याचबरोबर सर्व खात्यांच्या संशोधन-खर्चाचे, मूलभूत, उपयोजित आणि विकास अशा विभागणीसह, एकत्रित विवरण दरवर्षी अंदाजपत्रकासोबत संसदेत मांडले जावे. या तिसऱ्या गोष्टीला पैसा लागत नाही, फक्त आग्रह लागतो. मतदारांनी आपल्या खासदाराकडे तो धरावा आणि येत्या अंदाजपत्रकी अधिवेशनापासूनच धरावा.